स्टेंट आतून पुन्हा अरुंद झाला आहे: औषधी बलून की दुसरा स्टेंट?

दांडियाबाजारकर:
नमस्कार. माझे वडील 67 वर्षांचे असून त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे. अडीच वर्षांपूर्वी त्यांच्या एलएडी या हृदयाच्या मुख्य धमनीत औषधी लेपाचा स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी धातूची जाळी) बसवला होता. गेले दोन महिने सुरसागर तलावाला एक फेरी मारली तरी त्यांची छाती जड होते आणि थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत बरे वाटते. नव्या अँजिओग्राफीत त्याच स्टेंटच्या आत 80 टक्के अडथळा दिसला. बाकीच्या धमन्या ठीक आहेत. बडोद्यातल्याच एका डॉक्टरांनी औषधी बलून (औषधाचा लेप असलेला फुगा) सुचवला, तर दुसऱ्यांनी सीडी पाहून स्टेंटच्या आत आणखी एक स्टेंट बसवायला सांगितले. बाबांनी एकही गोळी चुकवलेली नाही, त्यामुळे ते फार खचले आहेत. निर्णय कशाच्या आधारे घ्यावा?

हृदयरोग विभागात काम केलेला:
बाबांना प्रथम सांगा की यात त्यांची चूक नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्टेंटमध्ये गुठळी होऊ देत नाहीत, परंतु स्टेंटच्या जाळीतून आतल्या बाजूला पेशींचा थर वाढत जाणे ही वेगळी प्रक्रिया आहे आणि मधुमेहात तिचे प्रमाण अधिक असते. साध्या धातूच्या स्टेंटच्या काळात पाचांतील एकाला किंवा त्याहूनही अधिक रुग्णांना हा त्रास होत असे. औषधी स्टेंटमुळे तो पुष्कळ कमी झाला, पण संपला नाही.

बलून की स्टेंट याआधी विचारायचा प्रश्न असा, की धमनी अरुंद का झाली? अँजिओग्राफीत केवळ रक्ताच्या प्रवाहाची सावली दिसते. कारण पाहण्यासाठी धमनीच्या आतून आयव्हीयूएस (ध्वनिलहरींनी) किंवा ओसीटी (प्रकाशाने) ही तपासणी करावी लागते. अनेकदा मूळ स्टेंटच पूर्ण उघडलेला नसतो, कारण त्याच्यामागे कॅल्शियमचे कडक कडे असते. अशा वेळी थेट औषधी बलून लावला किंवा त्यातच दुसरा स्टेंट बसवला, तर अडचण जागच्या जागी राहते. आधी उच्च दाबाच्या बलूनने किंवा कॅल्शियम फोडणाऱ्या ध्वनिलहरींच्या बलूनने जुना स्टेंट नीट उघडावा लागतो. स्टेंट पूर्ण उघडलेला असून आत फक्त पेशींचा थर वाढला असेल, तर दोन्ही पर्याय खुले राहतात.

औषधी बलून साधारण अर्धा ते एक मिनिट फुगवतात. तेवढ्यात पॅक्लिटॅक्सेल किंवा सिरोलिमस हे औषध भिंतीत उतरते आणि मागे धातू राहत नाही. मात्र औषधी स्टेंटच अरुंद झाला असेल, तर पुन्हा प्रक्रिया करण्याची वेळ टाळण्यात दुसरा औषधी स्टेंट काहीसा सरस ठरल्याचे अभ्यासांत दिसले आहे, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचा सल्लाही निराधार नाही. माझे मत विचाराल, तर धातूचे दोन थर आधीच असतील तेव्हा तिसरा मी टाळीन. तुमच्याकडे एकच आहे.

दुखणे विश्रांतीतही येऊ लागले, वाढत गेले किंवा घाम फुटला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जा.

मांजलपूरची आई:
आमच्या यजमानांच्या वेळी अशीच ओढाताण झाली होती. ताई किंवा दादा, पहिल्या वेळचे स्टेंटचे कार्ड शोधा. त्यावर स्टेंटची लांबी आणि व्यास लिहिलेला असतो. आमच्याकडे ते कागदांच्या ढिगात सापडले आणि डॉक्टरांना त्याचा फार उपयोग झाला. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या तपासणीचा) अहवालही बरोबर न्या, कारण अँजिओग्राफीत टोचतात त्या डायचा भार मूत्रपिंडांवर पडतो.

दांडियाबाजारकर:
आपणा दोघांचे मनापासून आभार. कार्ड सापडले: लांबी 38 मिमी, व्यास 2.75 मिमी. हा स्टेंट फार लांब म्हणावा का?

हृदयरोग विभागात काम केलेला:
होय, लांब आणि बारीक आहे. मधुमेहासह या दोन्ही गोष्टी पुन्हा अरुंद होण्याचा धोका वाढवतात. म्हणून आतून तपासणी केल्याशिवाय काहीही बसवू नये, असे दोन्ही डॉक्टरांना नम्रपणे पण स्पष्ट सांगा, आणि ती सोय जिथे आहे तिथेच प्रक्रिया करा. साखर आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) यांचे ताजे अहवालही त्याच दिवशी दाखवा.

दांडियाबाजारकर:
सोमवारी दोन्हीकडे जातो. बाबांना तुमच्या पहिल्या उत्तरातला पहिला परिच्छेद वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग आज पहिल्यांदा पोटभर जेवले.