परदेशी शिक्षकी पदवी आणि आपल्याकडचा पगार: तुमचे अनुभव?

सुरंगी: माळ्यावरून मखराचं सामान काढताना प्लास्टिकची फाईल हाती आली. आत माझं इंग्लंडचं पीजीसीई, म्हणजे तिकडची पदवीनंतरची शिक्षकी पात्रता, कडांना बुरशी. 2017मध्ये हेच घेऊन रत्नागिरीजवळच्या एका शाळेत गेले होते. क्लार्कभाऊंनी खिडकीशी नेऊन उलटंपालटं केलं नि विचारलं, "मॅडम, टक्के कुठायत?" टक्के नसतात हो त्यात. "मग मी रकाना भरू कशानं?" त्यात हे एका वर्षाचं, आपलं बी.एड. 2015पासून दोन वर्षांचं. पाच वर्षं तासिका तत्त्वावर काढली. तुमचं काय झालं?

खाडीकाठ: मला दिल्लीच्या भारतीय विद्यापीठ संघाचं समकक्षता प्रमाणपत्र, म्हणजे परदेशी पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची असल्याचा दाखला, आणायला सांगितलं. आणलं. तोवर जागा भरली 😀

तिरफळ: माझो घोव मस्कतात शिकवता. थंय आमच्या बी.एड.क मान, शिक्के मारून नेलान की झाला. हंय परत इलो तर थंयच्या बारा वर्सांक कोण इचारीत नाय. दूध उतू जाता, मागसून लिवतंय.

गुहागरकर: बारा वर्षं काय नि शून्य काय, अनुदानित शाळेत आधी तीन वर्षं शिक्षणसेवक, म्हणजे पूर्ण पगार नाही, नुसतं मानधन. माध्यमिकला 2023पासून महिना 18,000 तरी झाले. मी 8,000वर होतो, निम्मे एसटीत जायचे.

सुरंगी: मला तेवढेही नव्हते. मे महिन्यात तर तास नाहीत, पैसे नाहीत.

खाडीकाठ: मे महिन्यात आंबे विकायचे.

सुरंगी: विकले की! पीजीसीईवाली हापूसच्या पेट्या भरते म्हणून भावकी हसली. पण तो पैसा रोख, रकाना नाही.

चिपळूणची माई: भाच्याचं ब्रिटनचं एम.ए. एका वर्षाचं म्हणून अडलं होतं. 2022मध्ये भारत-ब्रिटन करार झाला, त्यात अशा पदव्यांना मान्यता आहे. तो मात्र तोवर पुण्यात बँकेत चिकटला. सुरंगी, मखर थर्माकोलचं नाही ना?

सुरंगी: नाही गो माई, पुठ्ठ्याचं.

गुहागरकर: एप्रिल 2025मध्ये यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, समकक्षतेचे नवे नियम आलेत, अर्ज ऑनलाइन. पण तुमच्या क्लार्कभाऊंचा रकाना तोच असणार.

तिरफळ: इलंय. सुरंगी, ता बुरशीचा ल्यामिनेट करून टाक.

खाडीकाठ: अजिबात नको! ल्यामिनेटवर साक्षांकनाचा शिक्का घेत नाहीत, माझं तसंच परत आलं होतं. उन्हात धर.

सुरंगी: ऊन? श्रावणात?