पोलिसांवर गुन्हा नोंदवूच नये म्हणणाऱ्यांना

रात्रपाळी :
काल इथे चिकटवलेल्या एका पोस्टला उत्तर लिहिता लिहिता लांबलं, म्हणून वेगळा धागा. पोस्टचा सारांश असा : बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरील अत्याचाराच्या आरोपीला संपवणाऱ्या पोलिसांवर एसआयटी (विशेष तपास पथक) नेमणं हा वर्दीचा अपमान. ड्यूटीवर पोलिसाने काहीही केलं तरी गुन्हा दाखल होता कामा नये. आणि ज्यांना हे पटत नाही त्यांच्या घरात मुली नसाव्यात.

माझ्या घरात दोन आहेत. म्हणून आता ऐकाच. त्या माणसावर खटला चालला असता तर शाळेत कुणाकुणाला आधी कळलं होतं, पालकांना पोलीस ठाण्यात ताटकळत का ठेवलं, हे सगळं उलटतपासणीत निघालं असतं. २३ सप्टेंबर २०२४ ला मुंब्रा बायपासवर पोलीस व्हॅनमध्ये गोळी सुटली आणि त्यातलं बरंचसं त्याच्याबरोबर गेलं. चौकशी करणाऱ्या दंडाधिकाऱ्यांनी गाडीतल्या पाच जणांना जबाबदार धरलं, तरी गुन्हा नोंदवा हे सांगायला एप्रिल २०२५ मध्ये हायकोर्टालाच यावं लागलं. ज्या खात्याने आईबापांची तक्रार घ्यायला टाळाटाळ केली त्याच खात्याला आपण पेढे भरवले!

माझं म्हणणं : कोठडीतला मृत्यू, कोठडीतली मारहाण आणि चकमक, यांत खटल्यासाठी सरकारची परवानगी हा प्रकार नको. बाकीच्या कामात असू द्या.

निवृत्त_पोहवा :
नाव रात्रपाळी घेतलंय, कधी केली आहे का साहेब?

पोलीस हवालदार होतो तेव्हा विसर्जनाच्या बंदोबस्तात डीजे बंद करायला लावला म्हणून एका मंडळाच्या पोराने माझ्यावर मारहाणीची खासगी फिर्याद टाकली. हात लावला नाही असं म्हणत नाही, ढकललं होतं. बारा वाजून गेलेले, वायरलेसवर साहेब ओरडतायत बंद करा, बंद करा. तारखा सुरू झाल्या तेव्हा साहेब बदली होऊन गेलेले. वकील माझ्या खिशातून. निवृत्त झालो तेव्हा केस चालूच, म्हणून पेन्शन तात्पुरती आणि ग्रॅच्युइटी अडकलेली. मुलीचं लग्न सोसायटीच्या कर्जावर केलं. मग कधीतरी निर्दोष सुटलो. तुमचं हे परवानगीचं कलम काढलंत तर प्रत्येक गल्लीतला दादा हवालदाराला कोर्टात उभा करेल.

रात्रपाळी :
पोहवा, तुमच्या बाबतीत जे झालं ते वाईटच. पण तुमच्याच गोष्टीत परवानगीचं कलम होतं की! तरी केस चालली, ग्रॅच्युइटी अडकली. मग ते कवच नेमकं कुणाला पुरलं? वायरलेसवाल्या साहेबाला?

शिवनेरीचा_वाघ :
काल ती पोस्ट मी टाकली होती आणि एका अक्षराचाही पश्चात्ताप नाही. मानवाधिकारवाल्यांना नेहमी गुन्हेगाराचाच पुळका. एसीत बसून कलमं लिहिणं सोपं असतं. कोर्टात वीस वर्षं तारखा पडणार, त्यापेक्षा हे बरं.

रात्रपाळी :
वाघोबा, परभणीचं सांगा मग. डिसेंबर २०२४. कायद्याचा विद्यार्थी, संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर जे पेटलं त्यात उचललेला. त्याने कुणाच्या मुलीवर हात टाकला होता? न्यायालयीन कोठडीत दगावला. शवविच्छेदनात अनेक जखमांमुळे आलेला शॉक हे कारण निघालं आणि सरकारी बाजू त्याच्या आजाराकडे बोट दाखवत राहिली. जुलै २०२५ मध्ये हायकोर्टाने गुन्हा नोंदवायला सांगितला तर सरकार सुप्रीम कोर्टात धावलं. तिथेही हरलं. गाडीत कोण बसलंय हे बघून कायदा ठरवायचा का?

ॲड_मिरजकर :
सगळेच चुकीच्या दारावर धडका देताय.

परवानगीचं कलम म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १९७, आता नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत २१८. कोठडीत मारणं हे कर्तव्यच नव्हे, त्याला परवानगी लागत नाही, हे कोर्टांनी पुन्हापुन्हा सांगितलंय. आपल्या पोलीस कायद्यातलं १६१ तर याहून वाईट : वर्दीच्या आडून केलेल्या कृत्याबद्दल खटला सहा महिन्यांत भरा, नाहीतर सरकारच्या परवानगीने दोन वर्षांत. सुप्रीम कोर्टाने १९६६ मध्येच म्हटलंय की कबुलीसाठी डांबून मारणं याच्यात बसत नाही. तरी प्रत्येक आरोपी पोलिसाचा पहिला अर्ज हाच असतो. त्या अर्जावर निकाल लागेस्तोवर साक्षीदार म्हातारे होतात.

नव्या २१८ मध्ये एक बरं केलंय. सरकारने १२० दिवसांत ठरवलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायचं. पण दुसऱ्या हाताने १७५(४) दिलंय. सरकारी नोकराविरुद्ध तपासाचा आदेश देण्याआधी दंडाधिकाऱ्याने त्याच्या वरिष्ठाचा अहवाल मागवायचा. वरिष्ठ काय लिहिणार ते सांगायला वकील लागत नाही.

आणि अडचण परवानगीपेक्षा तपासाची आहे. लखनभैया प्रकरण बघा. नोव्हेंबर २००६ ची मुंबई पोलिसांची बनावट चकमक. मयताचा भाऊ स्वतः वकील, म्हणून चिकाटीने लढला, हायकोर्टाने वेगळी एसआयटी दिली, म्हणून २०१३ मध्ये शिक्षा लागल्या. पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा तेव्हा सुटले, त्यांना जन्मठेप झाली ती मार्च २०२४ मध्ये, अपिलात. भाऊ वकील नसेल तर? आमच्या सांगलीत २०१७ मध्ये कोठडीत मारून प्रेत आंबोलीत नेऊन जाळल्याचा गुन्हा पोलिसांवरच दाखल झाला. आधी आरोपी पळून गेल्याचं सांगितलं होतं.

सौ_कोथरूड :
तुमच्या चकमकी राहू द्या. साधी चोरीची तक्रार तरी घेतात का?

बसमध्ये पर्स कापून मोबाईल नेला. चौकीत गेले तर ठाणे अंमलदार म्हणतात, ताई, चोरी कशावरून, पडला असेल. मी कापलेली पर्स पुढे केली. म्हणतात, शिवण उसवली असेल. ब्लेडचा सरळ काप! शेवटी हातात 'मोबाईल गहाळ' असा दाखला. सही करा म्हणे, नाहीतर सिमकार्ड पण मिळणार नाही.

भोसरीकर :
+१. माझी सायकलसुद्धा गहाळ झाली होती. साखळी तोडून. स्वतःच.

जळगावचं_केळं :
आमच्याकडे शेतातली मोटार गहाळ झाली ताई. विहिरीवरून. चालत गेली असेल बहुतेक.

निवृत्त_पोहवा :
हसा. महिन्याच्या क्राईम मीटिंगला बसा एकदा. एसपी साहेब तक्ता उघडतात : मागच्या वर्षी या महिन्यात चोऱ्या किती, यंदा किती, उघड किती. आकडा चढला की प्रभारीची सगळ्यांसमोर खरडपट्टी. तो परत येऊन ठाणे अंमलदाराला सांगतो, बघून लिहीत जा. दोन पोरं, तीनशे चोऱ्या, त्यात व्हीआयपी बंदोबस्त. तपास कोण करणार? आणि नव्या कायद्यात ५००० च्या आतली चोरी अदखलपात्रच केलीय, तिथे एफआयआरचा प्रश्नच नाही.

सौ_कोथरूड :
माझा फोन ५००० चा वाटला काय तुम्हाला? हप्ते अजून चालू आहेत.

ॲड_मिरजकर :
ताई, सुप्रीम कोर्टाच्या ललिता कुमारी निकालाला (२०१३) बरीच वर्षं झाली. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की एफआयआर सक्तीचा. नाही घेतला तर नव्या संहितेच्या १७३(४) खाली एसपींना लेखी पाठवा, शहरात डीसीपींना. मात्र एफआयआर न नोंदवणाऱ्याला तुरुंगाची शिक्षा आहे ती ठरावीक गुन्ह्यांपुरती, मुख्यतः स्त्रियांवरच्या अत्याचारांच्या. मोबाईल त्यात नाही. म्हणून गहाळ.

अनिवासी_नाना :
इकडे न्यू जर्सीत पोलिसाच्या छातीवर कॅमेरा असतो. सगळं रेकॉर्ड.

भोसरीकर :
नाना, इकडेही कॅमेरे आहेत. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात लावा, फुटेज १८ महिने ठेवा असं सांगितलंय. मागायला गेलं की डीव्हीआर बिघडलेला. तुम्ही आपलं स्वतः शूटिंग करायचं. ठाण्यात व्हिडिओ काढणं सरकारी गुपितांच्या कायद्याखाली (ऑफिशियल सीक्रेट्स ॲक्ट) गुन्हा नाही, नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये सांगितलंय.

सौ_कोथरूड :
मोबाईलच चोरीला गेलाय. शूटिंग कशाने करू?

निवृत्त_पोहवा :
शूटिंगवरून आठवलं. झडतीचं चित्रीकरण आता सक्तीचं. माझा पुतण्या तपासात आहे, तो हे सगळं स्वतःच्या हप्त्यावरच्या फोनवर करतो. घरचे फोटो आणि पंचनामा एकाच फोनमध्ये. फोन बिघडला तर कोर्ट त्यालाच विचारणार. यावर कुणी धागा काढत नाही. संघटना काढायची म्हटलं तर तिला बंदी. शिपायांची होती ती १९८२ ला मुंबईत मोडून काढली.

शिवनेरीचा_वाघ :
बघा! पोलिसांचे हाल कुणाला दिसत नाहीत. म्हणून म्हणतो त्यांचे हात मोकळे करा.

निवृत्त_पोहवा :
वाघ साहेब, तुम्ही माझ्या नावावर बोलू नका. हात मोकळे म्हणजे काय? वरून फोन येणार, गोळी शिपायाने घालायची आणि दहा वर्षांनी कोर्टात शिपाईच उभा. लखनभैयात आत गेले त्यात बडे नाव एकच, बाकी कोण होते ते बघा. मला मोकळे हात नकोत, लेखी ऑर्डर पाहिजे.

रात्रपाळी :
म्हणजे कोठडीतल्या मृत्यूला परवानगी नको हे मान्य?

निवृत्त_पोहवा :
घ्या, मान्य. कोठडीत मेला तर परवानगी नको, लगेच गुन्हा. पण त्या रात्री ठाण्यात कुणाकुणाचे फोन आले ते पण कागदावर घ्या आणि मग गुन्हा लावा. नुसता ड्यूटीवरचा शिपाई पकडायचा असेल तर तुमचा धागा तुम्हाला लखलाभ.

रात्रपाळी :
हे मी वर लिहायला हवं होतं असं तुमचं म्हणणं असेल तर लिहिलं समजा.

शिवनेरीचा_वाघ :
गोड झालं सगळं. आता अतिरेक्यांनाही चहा पाजा.

ॲड_मिरजकर :
पोहवा, ग्रॅच्युइटी उशिरा मिळाली त्यावर व्याज मागितलंत का?

निवृत्त_पोहवा :
व्याज मिळतं?

ॲड_मिरजकर :
निर्दोष सुटलात ना? निकालाची प्रत आणि निवृत्तीचा आदेश व्यक्तिगत निरोपात पाठवा, मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण) काय करता येतं बघू. ताई, तुमचा तो गहाळचा दाखलाही पाठवा. पर्स टाकून देऊ नका.

शिवनेरीचा_वाघ :
म्हणजे शेवटी धंदा वकिलांचाच.