ग्रामीण रुग्णालय चालू आहे म्हणतात पण सिझर होत नाही, आम्ही नक्की काय मागायचं?

तळकोकणातला:
आमचा तालुका सिंधुदुर्गातला, ३० खाटांचं ग्रामीण रुग्णालय आहे, नाव मुद्दाम टाकत नाही. इमारत बरी आहे, ओपीडी चालू असते, पण स्त्रीरोगतज्ज्ञ रिटायर झाल्या आणि ती जागा काही भरली नाही. भूलतज्ज्ञ कॉलवर, म्हणजे आले तर आले. त्यामुळे जरा अडचणीची केस दिसली की केस पेपरवर 'रेफर' लिहून मोकळे, माझ्या वहिनीला पण रात्री तसंच पाठवलं. मग १०८ ची वाट बघा नाहीतर कोणाची तरी गाडी काढा आणि ओरोसचं जिल्हा रुग्णालय किंवा गोव्यातलं बांबोळीचं मेडिकल कॉलेज गाठा, त्यात गोव्यात २०१८ पासून बाहेरच्या पेशंटना पैसे लागतात. चौकशी केली की ऐकायला मिळतं, पदभरतीला वित्त विभागाची मंजुरी नाही. सरकारकडे पैसे कमी आहेत हे एकवेळ मान्य करू, पण मग तालुक्याला काय राहिलंच पाहिजे? 'रुग्णालय वाचवा' म्हणून निवेदन दिलं तर साहेब म्हणतात चालूच आहे की.

निवृत्त_सिस्टर:
दादा, वहिनी आणि बाळ सुखरूप आहेत ना? मी बरीच वर्षं लेबर रूमला काढली आहेत त्यामुळे सांगते, हॉस्पिटलला कुलूप कधीच लागत नाही, जागा रिकाम्या ठेवून पैसे वाचवतात. आणि त्यातली एक जागा गेली तरी बाकीचे असून उपयोग नसतो. सिझरला स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, ओटीची सिस्टर आणि रक्त, हे सगळं एकाच वेळी लागतं. आमच्याकडे रक्त साठवायचा फ्रीज होता, रोज तापमान लिहायचा तक्ता पण दारावर लावलेला, पण ऑपरेशनंच बंद झाल्यावर रक्त मागवणार कोण, फ्रीज नुसता चालू. मग लोक यायचे कमी होतात, आणि पुढच्या वर्षी फाईलवर रुग्णसंख्या कमी म्हणून शेरा पडतो आणि उरलेली जागा पण देत नाहीत. याचा मला फार राग येतो कारण लोक आपणहून गेलेले नसतात, त्यांना आपणच पाठवलेलं असतं.

घाटमाथा:
थोडं कडू वाटेल पण लिहितो. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात सिझर हा हट्ट सोडायला हवा असं माझं मत. एक स्त्रीरोगतज्ज्ञ चोवीस तास आणि बारा महिने कसा पुरणार, रजा आहे, आजारपण आहे. खरोखर २४ तास सेवा पाहिजे तर एका ठिकाणी तीन-चार स्त्रीरोगतज्ज्ञ आणि तेवढेच भूलतज्ज्ञ पाहिजेत. ते तीन तालुक्यांत एकेक वाटले तर तिन्हीकडे रात्री रेफरच होणार. त्यापेक्षा एकाच उपजिल्हा रुग्णालयात (ग्रामीणपेक्षा मोठं असतं ते) सगळे बसवा.

निवृत्त_सिस्टर:
हिशोब बरोबर आहे तुमचा, पण आपल्याकडे यातलं अर्धंच होतं. इथली माणसं हलवतात लगेच, आणि तिकडे टीम काही पूर्ण होत नाही. एकत्र करायचंच तर आधी तिकडची टीम भरा, महिनाभर रात्रीची ऑपरेशनं करून दाखवा, मग इथलं कमी करा. आणि कोकणात पावसाळ्यात दरड आली, झाड पडलं की रस्ता बंद, तेव्हा अंतर नकाशावरचं धरून नाही चालत. आदिवासी भागात माहेरघर आहे ना, तारीख जवळ आलेली बाई आधीच येऊन राहते, तसं लांबच्या वाड्यांसाठी इथे पण हवं. साधी बाळंतपणं, बाळाला ऑक्सिजन, बाईला अंगावरून जायला लागलं तर ते थांबवून मग पाठवणं, सोबत नर्स देणं, एवढं तालुक्याला राहिलंच पाहिजे, त्यावर तडजोड नको.

फाईलवाला:
मूळ प्रश्नावर येतो. निवेदनात 'रुग्णालय' शब्दच घालू नका, सेवा लिहा. माहिती अधिकारात मागा: मंजूर पदं किती, भरलेली किती, त्यातले डेप्युटेशनवर, म्हणजे पद इथलं पण काम दुसरीकडे, बाहेर किती (हे विचारलं नाही तर कागदावर पद भरलेलंच दिसतं), गेल्या वर्षी सिझर किती आणि रेफर किती, रेफरचं कारण काय. दुसरं म्हणजे जिल्हा नियोजन समितीच्या पैशातून मशीन येते, कायम पद येत नाही. म्हणून आमदारांकडे सोनोग्राफी मशीन मागू नका, ती चालवणारा माणूस मागा. कायम माणूस देत नसतील तर राष्ट्रीय आरोग्य अभियानातून कंत्राटी तज्ज्ञ मागता येतो, पण पगार वेळेवर होतो का ते पण विचारा, रखडला की माणूस टिकत नाही. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, चांगलंच झालं, पण केस पेपरचे जे पैसे रुग्ण कल्याण समितीला (रुग्णालयाचा किरकोळ खर्च बघणारी स्थानिक समिती) मिळायचे ते पण थांबले, तर किरकोळ दुरुस्तीला आता काय मिळतं ते समितीच्या बैठकीत विचारा. पैसे कमी म्हणतात तिथे हेही सांगा की २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी बजेटच्या ८ टक्क्यांच्या वर आरोग्यावर खर्च करावा असं लिहिलंय, आणि महाराष्ट्र त्याच्या बराच खाली आहे. मग कपात करायला मुळात आहे किती?

तळकोकणातला:
सिस्टर, दोघंही बरी आहेत, पण बाळ दोन दिवस काचेत होतं. डेप्युटेशनचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, अर्ज या आठवड्यात टाकतोच. ग्रामसभेत मांडायला एकच मागणी ठरवतोय, उपजिल्हा रुग्णालयात २४ तास सिझर सुरू होऊन दिसल्याशिवाय इथलं एकही पद हलवायचं नाही. सोबत नर्स देण्याचं पण त्यात घालतो. ठरावाचा कच्चा मसुदा इथे टाकला तर जरा बघाल का कोणी?