एडिनबरातलं भेटवस्तूंचं दुकान: तुमचे अनुभव लिहा

आज माळा आवरताना आईची चौकड्यांची शाल सापडली. रॉयल माइलवर घेतलेली. किल्ला बघून होलीरूड महालाकडे उतरत होतो, पाऊस आला म्हणून दुकानात शिरलो. आत बॅगपाइपची धून, भिंतभर टार्टन, म्हणजे तिकडचं चौकड्यांचं कापड, कुळागणिक वेगळी चौकड. आईने जन्मभर शिवणकाम केलेलं, ती प्रत्येक कापड चिमटीत धरून बघत होती. काउंटरवरच्या आजींनी ते पाहिलं आणि एक शाल उलटी करून दाखवली. चौकड दोन्हीकडून तीच! दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण वीण कळत होती. आई जाऊन तीन वर्षं झाली. शालीला डांबरगोळ्यांचा वास लागलाय, तरी मघापासून मांडीवरच आहे.

—

ताई, डोळे भरून आले. 🙏

—

शॉर्टब्रेड!! मैदा, लोणी, साखर, संपलं. सासूबाई पहिल्याच घासाला म्हणाल्या, ही तर नानकटाईची बहीण. कुकर झालाय, बाकीचं नंतर लिहिते.

—

लेबल वाचल्याशिवाय घेऊ नका. मी कॅशमिअर समजून घेतलेला मफलर घरी येऊन बघितला तर ॲक्रिलिक. फार वाईट वाटलं, बाबांसाठी होता. हॅरिस ट्वीड घ्याल तर गोल आणि वर क्रूस असा शिक्का बघा. १९९३चा कायदाच आहे, ते कापड आउटर हेब्रिडीज बेटांवर विणकराने स्वतःच्या घरी हाताने विणलेलं लागतं. येवल्याचे माग आठवले.

—

किल्टला, म्हणजे तिकडच्या पुरुषांच्या चुणीदार घागऱ्याला, आठ वार कापड लागतं म्हणे. एक वार वाढवला की नऊवारी 😀

—

१७४६ला कायदा करून हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पुरुषांना हाच पोशाख बंद केला होता, १७८२ला बंदी उठली. हे कळल्यापासून दुकानातला किल्ट मला नुसती आठवणवस्तू वाटत नाही.

—

आम्ही बेळगावचे. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, पाइप बँड लहानपणापासून ऐकलेला. त्या दुकानात धून लागली आणि बाबा हातातली पिशवी खाली ठेवून ताठ उभे राहिले. धून संपेपर्यंत हलले नाहीत.

—

ताई, शाल दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टाका, वास जाईल. मग घडीत कडुनिंबाचा वाळका पाला ठेवा.

—

हो, आजच टाकते. उन्हात नाही ना चालणार?

—

नको, रंग उडेल.

—

मेमध्ये जातोय. थंडी असते का? छत्री न्यावी?

—

रेनकोट न्या. तिथला वारा छत्री उलटी करतो.