शॉच्या आधीचा ब्रेडवूड

कॅप्टन शॉला लंडनच्या अग्निशमन दलाचा जनक म्हटलं जातं. १८६६ च्या सरकारी दलापुरतं ते ठीक, पण पाया घातला जेम्स ब्रेडवूडने. १८२४ मध्ये एडिंबरोने याला प्रमुख नेमलं तेव्हा वय जेमतेम चोविशीचं. दलात त्याने छपरं शाकारणारे, सुतार, गवंडी निवडून घेतले. छपरावर पाय कुठे टाकायचा हे त्यांना सांगावं लागत नाही! काही आठवड्यांतच शहराला मोठी आग लागली, म्हणजे परीक्षा आधी आणि अभ्यास नंतर असा प्रकार.

१८३३ मध्ये तो लंडनला आला. तिथलं दल विमा कंपन्यांच्या पैशावर चालायचं. रस्त्यातून नुसतं पाणी मारत बसू नका, आत शिरा आणि आगीच्या मुळावर मारा, हा त्याचा हेका. मात्र वाफेच्या बंबांबाबत गडी बराच काळ नाखूशच होता, हेही सांगायला हवं.

२२ जून १८६१ ला टूली स्ट्रीटच्या गोदामांना आग लागली. ताग, कापूस, चरबी, साखर असा माल. आग पसरू नये म्हणून बसवलेले लोखंडी दरवाजे उघडेच राहिलेले. आपल्या माणसांची विचारपूस करत फिरताना भिंत कोसळली आणि ब्रेडवूड खाली गाडला गेला. ढिगारा इतका तापलेला की मृतदेह काढायला दोन दिवस लागले. आग पुरती विझायला दोन आठवडे.

त्यानंतर विमा कंपन्यांनी हात वर केले, म्हणून दल सरकारी करणारा १८६५ चा कायदा आला. आणि त्या सरकारी दलाचा प्रमुख झाला शॉ.