ग्रँड आयलंडच्या पाण्यात मोठा कॅमेरा नेण्यात अर्थ आहे का?

खारफुटी
पणजीतला माझा एक मित्र मोठ्या सेन्सरच्या मिररलेस कॅमेऱ्यासाठी ॲल्युमिनियमचं हाऊजिंग, म्हणजे पाणी आत न जाणारी पेटी, मागवायला निघालाय. हाऊजिंगच कॅमेऱ्याहून महाग, पोर्टचे, म्हणजे लेन्ससमोरच्या काचेच्या तोंडाचे, पैसे वेगळे. आणि डाइव्ह कुठे करणार? आपलं गोव्याचं ग्रँड आयलंड, तिथलंच बुडालेलं जहाज सुझीज रेक, जमलं तर वर्षातून एकदा कर्नाटकातलं नेत्राणी बेट. मला हे पटत नाही, म्हणून धागा काढला.

मांडवी आणि झुआरी दोघींचा गाळ जवळच दर्यात उतरतो. पाच-सहा मीटर दिसलं की आपण चांगला दिवस म्हणतो. स्वतःच्या पायातली फिन धूसर दिसावी असेही दिवस मी काढलेत. अशा पाण्यात मोठा सेन्सर काय करणार? गाळाचे कण अधिक स्पष्ट टिपणार.

माझं मत: ओएम सिस्टमचा (पूर्वीचं ऑलिंपस) छोटा टफ कॅमेरा टीजी-७ घ्या, त्याचं पॉलिकार्बोनेटचं हाऊजिंग घ्या आणि उरलेला सगळा पैसा लाइटवर घाला. मायक्रोस्कोप मोडमध्ये हा कॅमेरा १ सेंटिमीटरवरून फोकस करतो. लेन्स आणि नुडिब्रँक (रंगीत, बिनशिंपल्याची समुद्री गोगलगाय) यांच्यामध्ये चार बोटं पाणी असलं, तर ते गढूळ असून नसल्यासारखंच. कपारीतली कोळंबी, दगडाला चिकटलेली नुडिब्रँक, हीच आपल्या दर्याची खरी श्रीमंती आहे.

दर्यादेग
मुळीच पटलं नाही. गढूळ पाण्यावर उतारा छोटा कॅमेरा नाही, रुंद लेन्स आहे. फिशआय, म्हणजे सर्वांत रुंद कोनाची लेन्स, लावून विषयापासून एक-दीड वितीवर जा; मधलं पाणी तुमच्या मॅक्रोइतकं, म्हणजे अगदी जवळून घेतलेल्या फोटोइतकं, नाही, पण पुरेसं कमी होतं. शिवाय मागे रेकचा पत्रा, माशांचा थवा, वरून येणारा हिरवा उजेड, हे सगळं फोटोत येतं. नुसत्या मॅक्रोच्या फोटोत तो प्राणी गोव्याचा की अंदमानचा, हे कोण सांगणार?

पोर्टचे पैसे वेगळे म्हणून तुम्ही नाक मुरडलंत, पण खरी गोम तिथेच आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. सपाट काचेतून वस्तू जवळ आणि मोठी दिसते, लेन्सचा कोन जवळजवळ पाव हिश्शाने आवळतो. घुमटासारख्या काचेचा डोम पोर्ट तो कोन परत मिळवून देतो. टीजी सपाट काचेमागे बसतो. त्यात संपूर्ण मॅन्युअल एक्स्पोजरही नाही. शटर आपल्या हातात नसेल तर मागच्या पाण्याचा उजेड किती धरायचा हे कॅमेराच ठरवतो. तुमच्या मित्राला मागवू दे.

वास्कोवाली
तुम्ही दोघंही फोटोंबद्दलच बोलताय. मी व्हिडिओ करते, आणि ॲक्शन कॅमेऱ्यावर खूश आहे. माझा डीजेआयचा ऑस्मो ॲक्शन ५ प्रो वेगळ्या केसशिवाय २० मीटरपर्यंत चालतो, केस लावली तर ६०. मी ओपन वॉटर, म्हणजे पहिल्या पायरीची, डाइव्हर, माझी हद्द १८ मीटर. मला आणखी काय हवंय? एक हात कायम मोकळा राहतो.

लाल फिल्टर मात्र सरसकट घेऊ नका. लाल रंग पहिल्या चार-पाच मीटरांतच विरतो म्हणून तो लावतात, पण तो निळ्या पाण्यासाठी असतो. आपलं पाणी हिरवं, त्याला मॅजेंटा लागतो. डिसेंबर-जानेवारीत भर दुपारी, सहा-सात मीटरवर, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) हाताने लावून माझं काम लाइटशिवाय होतं. लाइट लावला की मला बर्फ पडल्यासारखे कणच दिसतात.

खारफुटी
वास्कोवाली ताई, कण दिसतात ते लाइट लेन्सच्या शेजारी असल्यामुळे. दोन्ही बाजूंना लाइटचे लांब दांडे काढून, लाइट जरा बाहेरच्या बाजूला वळवून बघा. लेन्सपुढचे कण उजळत नाहीत, विषय उजळतो. कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश सर्वांत वाईट तो याच कारणाने. आणि ॲक्शन कॅमेऱ्याने नुडिब्रँक घेऊन दाखवा. वरून लावायची जोड-लेन्स नसेल तर वीतभर अंतरावरच सगळं धूसर होतं.

दर्यादेगबाब, मॅन्युअलचा मुद्दा मान्य. पण हाऊजिंग एकाच मॉडेलचं असतं. कॅमेरा बदलला की ते महागडं ॲल्युमिनियम कपाटात. टीजी-६ साठी निघालेलं पीटी-०५९ टीजी-७ लाही बसतं, ४५ मीटरपर्यंत. सामान्य पगाराच्या माणसाला हे महत्त्वाचं आहे.

मिठागर
टीजी-७ तसाच १५ मीटरपर्यंत चालतो, मग हाऊजिंग कशाला, असं कुणीतरी विचारेलच. म्हणून माझी गोष्ट सांगतो. माझा टफ कॅमेरा हाऊजिंगशिवाय दोन हंगाम छान चालला. तिसऱ्या हंगामात नवव्या मीटरला स्क्रीन विझला. बॅटरीच्या दारात रेतीचा एकच कण होता. कंपनीने वॉरंटी नाकारली. बायकोच्या वाढदिवसाचे फोटोही त्याच कार्डात होते, ते गेले.

हाऊजिंग असलं की दोन भिंती होतात. पण त्याही नीट लावायला हव्यात. ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर, डोक्याचा एक केससुद्धा चालत नाही. सिलिकॉन ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढं, फक्त चकाकी येण्यापुरतं. जास्त लावलं की रेती चिकटते. आणि हाऊजिंग बोटीवर कधीही बंद करू नका. आपल्या दमट हवेत ते बंद केलं, उन्हात तापलं आणि पाण्यात गेलं की काचेवर आतून वाफ धरते. आदल्या रात्री एसीच्या खोलीत, सिलिका जेलची पुडी घालून बंद करायचं. सकाळी बोटीवर कितीही मोह झाला तरी उघडायचं नाही.

एका बाबतीत मी दर्यादेगच्या बाजूने आहे: महागड्या हाऊजिंगमध्ये व्हॅक्यूम पंप आणि दिवा असतो. हवा काढली, दिवा हिरवा राहिला, की पाण्यात शिरण्याआधीच गळतीचा निकाल लागतो. माझ्याकडे तेव्हा तो असता तर!

बोगमाळोकर
मी डाइव्हवर लोकांना घेऊन जातो, म्हणून कळकळीने सांगतो. तुम्ही कोणता कॅमेरा घेता यापेक्षा तो हातात असताना तुम्ही कुठे टेकता हे मला जास्त दिसतं. मॅक्रोवाले स्थिर राहायला दगडाला धरतात, गुडघे टेकतात. त्या दगडावर पोवळी असतात. ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. आणि एका फिनचा फटका तळाला बसला की मागून येणाऱ्या चौघांचं पाणी गढूळ होतं. मग लेन्स कुठलीही असो. पंचवीस-तीस डाइव्ह होऊन एका जागी तरंगता येईपर्यंत कॅमेरा बोटीवरच ठेवा.

दर्यादेग
बोगमाळोकरांशी सहमत, पण मोठं हाऊजिंगच इथे कामाला येतं. फ्लोट लावून पाण्यात जवळजवळ वजनरहित केलं की ते हातात हलत नाही. छोटा कॅमेरा थरथरतो, मग माणूस आधाराला दगड शोधतो. खारफुटी, कपाटात पडून राहण्याचा मुद्दा मात्र खरा. माझंही एक पडून आहे. म्हणून मी आता आधी हाऊजिंग कुठलं मिळतं ते बघतो, कॅमेरा नंतर.

खारफुटी
मित्राला हा सगळा धागा वाचायला दिला. तो अजून ॲल्युमिनियमवरच अडून आहे, पण लाइट दोन घेईन म्हणतो. माझं मत बदललेलं नाही. निदान व्हॅक्यूमवालं घे, एवढं मिठागरांच्या शब्दाखातर सांगितलं.

मिठागर
मग आणखी एक सांगा त्याला. पहिल्या डाइव्हला हाऊजिंग रिकामंच न्या. आत टिश्यू पेपरची घडी आणि एक छोटं वजन ठेवा, तळाशी सगळी बटणं दाबून बघा, पंधरा-वीस मिनिटं राहा. वर आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून पुन्हा बटणं दाबा, पुसा, मग उघडा. कागदाच्या कडा कोरड्या असतील तरच दुसऱ्या डाइव्हला आत कॅमेरा.