काट्यांच्या लांबीवरून नवी जाती ठरवावी का?

धागाकर्ता: अ‍ॅक्रिटार्क हे सेंद्रिय भिंतीचे, पुष्कळदा काटेरी सूक्ष्मजीवाश्म कोणत्या सजीवांचे हे ठरलेले नसल्याने त्यांचे वर्गीकरण निव्वळ रूपावर चालते. काट्यांची लांबी किंवा संख्या थोडी वेगळी दिसली की नवी जाती जाहीर करण्याची प्रथा थांबावी, असे माझे मत आहे. आजच्या लिंग्युलोडिनियम या डायनोफ्लॅजेलेटच्या (एकपेशीय प्लवक सजीवाच्या) पुटीवरील, म्हणजे सुप्तावस्थेतील संरक्षक कोशावरील, काटे कमी क्षारतेच्या पाण्यात आखूड होतात. जाती मात्र तीच राहते.

स्तरवेत्ता: आपला दाखला योग्य आहे, निष्कर्ष मात्र मान्य नाही. ऑर्डोव्हिशियन कालखंडातील शेलचा (चिखलापासून बनलेल्या खडकाचा) लहानसा तुकडा हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवला, तरी त्यातून कालनिर्णयास पुरतील इतके नमुने मिळू शकतात, आणि विंधनविहिरीच्या चुऱ्यात मोठे जीवाश्म अखंड सापडत नाहीत, तेव्हा आधार यांचाच असतो. येथे नाव म्हणजे वंशाचा दावा नव्हे. शिवाय वेगळी नोंदलेली रूपे पुढे एकत्र करता येतात. एकाच नावाखाली मिसळलेली रूपे मात्र सूक्ष्मदर्शकाच्या सगळ्या काचपट्ट्या पुन्हा तपासल्याशिवाय सुटी होत नाहीत.

धागाकर्ता: मग २० मायक्रॉनची जुनी सीमा आठवा. त्याहून लहान गोलक (काटे सोडून उरणारा मधला गोल भाग) असेल तर मिक्रिस्ट्रिडियम आणि मोठा असेल तर बाल्टिस्फेरिडियम, असे मानले तर एकाच थरातील १८ ते २३ मायक्रॉनांचा सलग समूह चक्क दोन प्रजातींत (जातींच्या वरच्या गटांत) विभागला जातो! त्यापेक्षा काट्याच्या बुडाशी फोकस हळूहळू खालीवर करून पाहावे: काट्याची पोकळी गोलकात उघडते की मध्ये आडवा पडदा आहे, टोक साधे की फाटे फुटलेले, पुटी फुटून उघडण्याची जागा कोणती. ही लक्षणे अधिक भरवशाची आहेत.

पुटी-अभ्यासक: काट्यांना इतके दुय्यम लेखू नये. १९६१ मध्ये पुराजीवशास्त्रज्ञ इविट यांनी मध्यजीव व नवजीव महाकल्पांतील अनेक ‘हिस्ट्रिकोस्फिअर’ (काटेरी गोल सूक्ष्मजीवाश्मांचे जुने नाव) प्रत्यक्षात डायनोफ्लॅजेलेटच्या पुटी असल्याचे दाखवले, तेव्हा उघडण्याच्या छिद्राइतकीच काट्यांची मांडणीही निर्णायक ठरली, कारण त्या काट्यांच्या जागा मूळ पेशीच्या कवचावरील पट्टांशी (तुकड्यांशी) जुळत होत्या. लांबी सोडा, जागा सोडू नका.

धागाकर्ता: मांडणीबद्दल माझा विरोध नाही. एकाच नमुन्याच्या सुबक छायाचित्रावर नवे नाव देऊ नये, एवढाच आग्रह आहे: किती नमुने मोजले, लघुतम व महत्तम मापे कोणती आणि मधली रूपे आढळली का, हे वर्णनात असलेच पाहिजे.

स्तरवेत्ता: दुर्मिळ रूपांचे मोजकेच नमुने मिळतात, त्यांना निदान तात्पुरते, खुले (जाती निश्चित न करणारे) नाव देण्याची मुभा हवी.